जुन्या कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्या बदलताना: सेलच्या आधी चार्जर पाहा

प्रश्न असा आला आहे: "मोठ्या भावाने बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेहून आणलेला १४.४ व्होल्टचा कॉर्डलेस ड्रिल आहे. सोबत दोन निकेल-कॅडमियम बॅटऱ्या. एक पूर्ण मेली आहे, दुसरी रात्रभर चार्ज करूनही चार-पाच स्क्रूंत बसते. मशीन मात्र ठणठणीत आहे. ही बॅटरी आता नाशकात कुठेच मिळत नाही. आत नवे सेल टाकून घेता येतील का? लिथियमचे टाकले तर? आणि जुनाच चार्जर चालेल ना?"

तुम्ही चार्जरचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारलात. मी सुरुवात तिथूनच करतो, कारण तुमच्या बॅटऱ्या बहुधा त्या चार्जरनेच मारल्या आहेत. तो तसाच ठेवून कितीही चांगले सेल टाकले तरी तेही तसेच जातील. सेल आणि चार्जर ही जोडी आहे. एक बदलायचा तर दुसऱ्याचा विचार त्याच वेळी करावा लागतो.

चार्जर उलटा करून त्याचे लेबल वाचा. इनपुटपुढे "१००-२४०" असेल तर प्रश्न नाही. फक्त "१२० व्होल्ट ६० हर्ट्झ" असेल, तर तो आजवर कुठल्या तरी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालत आला असणार. ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो, हेही लक्षात ठेवा. मग आउटपुट पाहा. वजनाला जड, हिरवा दिवा नसलेला, "३ ते ५ तास" असे छापलेला चार्जर असेल तर आत एक ट्रान्सफॉर्मर आणि दोन-चार डायोड यापलीकडे काही नसते. बॅटरी भरली हे त्याला कळत नाही. तो करंट ढकलतच राहतो आणि भरलेल्या सेलमध्ये त्या करंटची उष्णता होते. "रात्रभर चार्ज करूनही" असे तुम्ही लिहिले आहे. कंपनीने पाच तास सांगितलेले असताना बारा तास लावले, तर सात तास सेल नुसते शिजतात. सकाळी पॅक हाताला चांगला गरम लागत असेल, तर हेच घडते आहे.

तासाभरात चार्ज करणारे चार्जर वेगळे. निकेल-कॅडमियम सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्टेज शिखर गाठून किंचित खाली येते. हे चार्जर ती उतरण ओळखून बंद होतात, शिवाय पॅकमधल्या थर्मिस्टरवरून, म्हणजे तापमान मोजणाऱ्या छोट्या भागावरून, तापमानही पाहतात. तुमच्याकडे असा चार्जर असेल तर तो जपून ठेवा.

आता मशीनकडे. "ठणठणीत आहे" हे एकदा तपासूनच घ्या, कारण खर्च त्यावर ठरणार. गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून जाड वायर आणि मध्ये २० ते ३० अँपिअरचा फ्यूज घेऊन ड्रिलच्या टर्मिनलना जोडा. प्लस-मायनस दोनदा पाहा. उलटे जोडले तर ट्रिगरमधला इलेक्ट्रॉनिक भाग क्षणात जातो. १४.४ चा ड्रिल १२ वर थोडा हळू फिरेल, पण फिरेल. सागाच्या किंवा कुठल्याही कडक फळीत सहा मिलिमीटरचे भोक पाडून बघा. चक डगमगतो का, गिअर घासल्याचा आवाज येतो का, मोटरच्या मागच्या फटीतून कार्बनच्या ठिणग्या जास्त दिसतात का, ट्रिगर हळूहळू दाबला की वेग हळूहळू वाढतो का, हे पाहा. यातले काही बिघडलेले असेल तर बॅटरीवर पैसे घालू नका. सगळे ठीक असेल तर मात्र हे मशीन वाचवण्यासारखे आहे, आणि ते मी मनापासून म्हणतो. त्या काळच्या मधल्या दर्जाच्या ड्रिलमध्येही धातूचे गिअर असायचे.

पुढची पायरी निदानाची. पॅकचे स्क्रू बहुधा स्टार मुखाचे असतात, कधी मध्ये टोक असलेले, त्याला भोकवाला स्टार बिट लागतो. उघडण्याआधी बोटातली अंगठी आणि मनगटातले कडे काढून ठेवा. हा छोटा पॅक शॉर्ट झाला तर धातू लाल करण्याइतका करंट देतो. उघडल्यावर काहीही हलवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. कोणता सेल उलटा, कोणता सुलटा, वरच्या दांड्यात गेलेला एकुलता सेल कुठे जोडला आहे, हे सुटे केल्यानंतर आठवत नाही.

आत बारा सेल दिसतील. निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून १४.४ ला बारा. १२ व्होल्टच्या ड्रिलमध्ये दहा असतात आणि १८ च्यात पंधरा. पॅक नेहमीसारखा चार्ज करा, तासभर विश्रांती द्या आणि मग मोटरसायकलच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ३५ वॅटचा बल्ब त्याला जोडा. बल्ब पेटलेला असतानाच मीटरच्या टोकांनी प्रत्येक सेल वेगळा मोजा. लोडशिवाय, म्हणजे बल्ब न जोडता, घेतलेले माप फसवे असते, कारण मरायला टेकलेला सेलही रिकामा बसला की १.२५ दाखवतो. लोडवर चांगला सेल १.२ च्या आसपास टिकून राहील. मग एखाद्यावर मीटर ०.९ दाखवेल, दोन मिनिटांत ०.४ आणि त्यानंतर आकड्याच्या आधी वजाचे चिन्ह येईल. टोके उलटी लागलेली नाहीत. तो सेल खरोखरच उलटा झाला आहे. उरलेले अकरा सेल त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत आहेत.

बॅटरी कशी मरते ते इथे डोळ्यांनी दिसते. सेल एकामागे एक जोडलेले, म्हणून सगळ्यांतून करंट तेवढाच जातो. एखादा थोडा कमजोर असला की तो आधी रिकामा होतो आणि नंतर उलट्या दिशेने चार्ज होऊ लागतो. तापतो, आतला वायू झडपेतून सोडतो आणि कोरडा पडतो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर संपतो. निकेल-कॅडमियमला मेमरी असते, म्हणजे अर्धवट वापरून चार्ज केली की ती तेवढीच चालू लागते, म्हणून बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करायची, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि काही जण ट्रिगरला दोरी बांधून ड्रिल थांबेपर्यंत फिरत ठेवतात. त्याने कमजोर सेल नक्की मरतो. ड्रिलचा वेग जाणवण्याइतका पडला की काम थांबवा. प्रत्येक सेलला एक व्होल्ट, म्हणजे तुमच्या पॅकला लोडवर सुमारे १२ व्होल्ट उरले की तिथे थांबायचे.

सेलच्या टोकाशी पांढरी, पिठासारखी पूड साचलेली दिसली तर तो सेल गळला आहे असे समजा. आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेशी मिसळून ती पूड होते. उघड्या हाताने चोळू नका. हातमोजे घालून व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या बोळ्याने टर्मिनल पुसा, मग साध्या पाण्याच्या ओलसर फडक्याने पुसून वाळवा.

इथे एक मोह होतो: दोन पॅकमधले मिळून चांगले बारा सेल निवडायचे आणि एक पॅक जुळवायचा. अगदी हातघाईचे काम अडले असेल तर करा, पण तो तात्पुरता इलाज आहे. सगळे सेल एकाच वयाचे आहेत. आज चांगला वाटणारा उद्या तेराव्या-चौदाव्या स्क्रूला मागे पडेल. नवा एकच सेल आणून जुन्या अकरांत बसवणे तर त्याहून वाईट, नवा भरायच्या आत जुने उतू जातात. मेलेल्या सेलला गाडीच्या बॅटरीचा किंवा वेल्डिंग मशीनचा झटका देऊन जिवंत करण्याचे व्हिडिओही तुम्ही पाहिले असतील. आत वाढलेला धातूचा बारीक तंतू त्या झटक्याने जळतो आणि सेल काही दिवस व्होल्टेज दाखवतो. सेलच्या आतला दोन थरांमधला फाटलेला पडदा मात्र तसाच राहतो, तंतू पुन्हा वाढतो, आणि झटका देताना सेल फुटून तोंडावर उडाला तर डोळा जातो. हा उद्योग करू नका.

म्हणजे बाराही सेल नवे. आता कोणते?

पहिला मार्ग जातीला जात. ड्रिलमधले जाडे बुटके सेल सब-सी मापाचे असतात, सुमारे २२-२३ मिलिमीटर व्यास आणि ४२-४३ मिलिमीटर उंची. काही छोट्या पॅकमध्ये याच जाडीचे पण ३३-३४ मिलिमीटर उंचीचे सेल असतात, म्हणून कॅलिपरने किंवा पट्टीने मोजूनच मागवा. निकेल-कॅडमियमचे सेल आता दुर्मीळ होत चालले आहेत. कॅडमियम विषारी आहे, आणि युरोपियन महासंघाने कॉर्डलेस हत्यारांना दिलेली सवलतही ३१ डिसेंबर २०१६ ला संपवली. बहुतेक ठिकाणी तुम्हाला त्याच मापाचे निकेल-मेटल हायड्राइड मिळतील. व्होल्टेज तेच, क्षमता जवळपास दुप्पट. १३०० मिलिअँपिअर-तासांच्या जागी २५०० किंवा ३००० येते.

चार्जरची गोष्ट इथे पुन्हा येते. साधा चार्जर समजा ४०० मिलिअँपिअर देतो. निकेल सेलला क्षमतेच्या सुमारे १.४ पट भरावे लागते. १३०० च्या सेलला ते साडेचार तास होतात, म्हणून कंपनीने "३ ते ५ तास" छापले. ३००० च्या सेलला हाच चार्जर साडेदहा तास घेईल. पाच तासांत काढला तर अर्धवट भरतो, विसरलात तर जळतो, आणि निकेल-मेटल हायड्राइड सेल जादा चार्ज निकेल-कॅडमियमइतका सहन करत नाही. त्यासाठी साधा चार्जर ठेवायचा असेल तर भिंतीवरचा टायमर सॉकेट लावा, वेळ हिशेबाने ठरवा. तासाभराचा चार्जरही तपासावा लागतो. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये शिखरानंतरची उतरण फारच बारीक असते, ती त्याला दिसली नाही तर तो थांबत नाही. लेबलवर दोन्ही प्रकारांची नावे असतील तर निश्चिंत राहा. नसतील तर पहिल्या दोन-तीन वेळा जवळ बसून, पॅकवर हात ठेवून चार्ज करा. कोमटपणा ठीक. हात ठेववत नाही इतका तापला तर लगेच काढा.

सेल मागवताना "टॅब लावलेले" मागवा, म्हणजे प्रत्येक टोकाला आधीच स्पॉट वेल्ड केलेली (क्षणभर मोठा करंट देऊन ठिपक्यांनी जोडलेली) पट्टी असते आणि तुम्ही पट्टीला पट्टी सोल्डर करू शकता. सेलच्या अंगावर थेट सोल्डर करू नका. सोल्डरिंग आयर्नचे गरम टोक दहा सेकंद टेकले की आतला प्लास्टिकचा पडदा आणि टोकाची सील दोन्ही भाजतात, सेल नवा असूनही अर्धा मेलेला मिळतो. जुन्या पॅकमधला थर्मिस्टर आणि तापमानाने तुटणारा छोटा स्विच पुन्हा त्याच जागी, सेलच्या अंगाला चिकटवून बसवा. वायर लांब पडते म्हणून तो बाजूला लटकवला की चार्जर आंधळा होतो. दुरुस्त होऊन आलेल्या पॅकमध्ये हाच दोष मला सर्वांत जास्त दिसतो.

जुळवल्यानंतरचे पहिले चार्जिंग सावकाश करा: क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट, १४ ते १६ तास. सगळे बारा सेल त्यामुळे एका पातळीवर येतात. पहिल्या दोन-तीन वापरांत ताकद कमी वाटली तरी घाबरू नका, ती वाढते.

दुसरा मार्ग लिथियमचा, आणि १४.४ व्होल्टच्या ड्रिलला तो छान जुळतो. लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. चार सेल ओळीत लावले की भरलेला पॅक १६.८ व्होल्ट होतो. ताजे चार्ज केलेले बारा निकेल सेलही साधारण तेवढेच देतात, त्यामुळे मोटरला फरक कळत नाही. १८ व्होल्टच्या ड्रिलला पाच सेल तसेच बसतात. १२ व्होल्टच्याला तीन सेल जरा कमी पडतात, मशीन थोडे मंद वाटते. वजनात मात्र मोठा फायदा: बारा सब-सी सेलच्या जागी चार जोड्या, म्हणजे आठ १८६५० मापाचे (१८ मिलिमीटर जाड, गोल लिथियम) सेल घेतले तरी पॅक जवळपास निम्म्यावर येतो. आतल्या प्लास्टिकच्या काही फासळ्या कापाव्या लागतील, कारण हे सेल ६५ मिलिमीटर लांब असतात.

सेल कुठले, हा इथला खरा प्रश्न. ड्रिल अडकला की क्षणभर ३०-४० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल चार-पाच अँपिअरसाठी बनवलेले असतात. ते ड्रिलमध्ये घातले की व्होल्टेज कोसळते, सेल तापतात आणि तो पॅक धोक्याचा होतो. जास्त करंटचेच सेल घ्या: सॅमसंग २५आर, एलजी एचजी२, सोनी-मुराताचा व्हीटीसी६ यांसारखे, आणि ओळखीच्या विक्रेत्याकडूनच. ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेला १८६५० सेल खोटा आहे. खरे चांगले सेल साधारण २५०० ते ३५०० मध्ये असतात, आणि करंट जास्त देणारे त्यातही खालच्या बाजूला. किचनच्या काट्यावर ठेवा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. बनावट बऱ्याचदा त्याहून बराच हलका निघतो.

जोडणी स्पॉट वेल्डिंगनेच. ई-स्कूटरच्या आणि सोलर दिव्यांच्या बॅटऱ्या बांधणारे आता नाशिक, पुणे, नागपूर, कोल्हापूर सगळीकडे आहेत, त्यांच्याकडे मशीन असते. त्यांना शुद्ध निकेलची पट्टी वापरायला सांगा आणि जास्त करंटच्या जागी दुहेरी. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी दिसायला तशीच असते, पण जास्त तापते आणि पावसाळ्यात गंजते. एक तुकडा कानशीने खरवडून मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा, तांबूस झाला तर लोखंड. वेल्ड पक्का आहे का हे पाहायला रद्दीतल्या एका सेलवर पट्टी लावून पक्कडीने उपटायला सांगा: पट्टीला भोक पडून वेल्डचा ठिपका सेलवरच राहिला पाहिजे. सोलून अलगद निघाली तर वेल्ड कच्चा.

प्लस टोकाला गोल कागदी वॉशर हवाच. १८६५० सेलचे सबंध डबडे मायनस असते, अगदी वरच्या खांद्यापर्यंत. तिथून प्लसची टोपी एखाद-दोन मिलिमीटरवर. मध्ये फक्त पातळ प्लास्टिकचे वेष्टन. पट्टीच्या कडेने ते कापले गेले तर शॉर्ट होतो, आणि ड्रिल तर सतत थरथरणारे मशीन.

चार सेलच्या ओळीला चार सेलचा, बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर ठेवणारा, बीएमएस (बॅटरीची राखण करणारा) बोर्ड लावा. बॅलन्स असलेला आणि नसलेला बोर्ड दिसायला सारखाच असतो, विचारून घ्या. "४० अँपिअर" छापले असले तरी सतत निम्माच मिळेल असे धरून चाला. जोडण्याआधी सगळे सेल मोजून व्होल्टच्या शंभराव्या भागापर्यंत सारखे करा. बोर्डच्या वायरी सर्वांत खालच्या मायनसपासून क्रमाने वर जोडा, प्रत्येक पायरीला मीटरवर ४.२ च्या पटीत वाढ दिसली पाहिजे, सेल कमी भरलेले असतील तर त्या प्रमाणात. ड्रिल अडकल्यावर बोर्ड एकदम बंद झाला तर घाबरू नका. ट्रिगर सोडा. तरीही चालू झाला नाही तर क्षणभर चार्जर लावा. क्लचचा आकडा कमी ठेवून काम केलेत तर हे फारसे होणार नाही. लिथियम पॅक शेवटपर्यंत जोर देतो आणि मग एकाएकी थांबतो, निकेलसारखी आधी सूचना देत नाही, याची सवय करावी लागते.

आणि जुना चार्जर लिथियमला कधीही लावायचा नाही. त्याला १६.८ वर थांबता येत नाही. "बीएमएस तोडेल की" असे म्हणून लोक लावतात, पण बीएमएस अपघात टाळण्यासाठी आहे, रोजच्या चार्जिंगच्या नियंत्रणासाठी नाही. तो एकदा अडकला तर पुढे आगच. १६.८ व्होल्ट, २ अँपिअरचा लिथियमसाठीचाच चार्जर घ्या. जुन्या चार्जरची पिन कापून टाका किंवा तो घराबाहेर काढा, म्हणजे घरातले दुसरे कोणी चुकून पॅक त्यात खोचणार नाही. चार्जिंग फरशीवर, जागे असताना. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत तापलेला पॅक आधी सावलीत निवू द्या.

तुमच्या बाबतीत माझे मत: घरातली किरकोळ कामे असतील, तुमचा चार्जर तासाभराचा आणि २३० व्होल्टवर चालणारा असेल, तर निकेल-मेटल हायड्राइडच घाला. काम सोपे, धोका कमी. चार्जर १२० व्होल्टचा साधा असेल तर तो नाहीतरी बदलायचाच आहे, मग लिथियमकडे जा, पण एकच पॅक बांधून घ्या आणि तोही नीट. दोन्हीचा खर्च त्याच ताकदीच्या नव्या लिथियम ड्रिलच्या निम्म्याच्या वर जात असेल तर जुना सोडा. ड्रिल एकाच टेबलावर वापरायचा असेल तर रिकाम्या पॅकच्या खोक्यातून जाड वायर काढून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. वायर दोन मीटरच्या आत, चार चौरस मिलिमीटरची, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज.

भाऊ अजून तिकडे असेल आणि तयार पॅक आणणार असेल तर त्याला सांगा की सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, केबिन बॅगेतच घ्यावी लागते, टर्मिनलवर टेप लावून. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १४.४ व्होल्ट ५ अँपिअर-तासांचा पॅक ७२ वॅट-तासांचा होतो.

काढलेले चोवीस निकेल-कॅडमियम सेल कचऱ्याच्या बादलीत किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. तो ते फोडतो किंवा जाळतो, आणि कॅडमियम मातीत नाहीतर धुरात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा बॅटऱ्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या द्यायच्या असतात आणि त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांना टेप लावा, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात भरा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या. नवे सेल ज्याच्याकडून घेणार आहात त्यालाच आधी विचारा, पॅक बांधणारे बरेच जण जुने सेल ठेवून घेतात.